कोट्र्याला आहेर

आमच्या गावात नाटक बघायला जाताना माणसं बसायला चटई, पोतं, जुनी कौदी म्हणजे गोधडी, असं काहीबाही घेऊन जातात. माझी धाकटी जाऊ नीलव्वा तिची कौदी घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. तेव्हापासून गाव तिला नावं ठेवतंय. ठेवू दे. काय झालं ते मी सांगते, आणि सांगताना माझी जीभ घसरली तर घसरू दे.

नीलव्वा लग्न होऊन आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी गावानं तिचा निकाल लावून टाकला. ती ब्लाउज उलटा घालून नळावर गेली होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हणाली, “अगं बाई, उलटा घातलायस.” नीलव्वा म्हणाली, “माहीत आहे. सुलटा घातला की शिवण टोचते.” आणि घागर उचलून चालायला लागली. झालं. तेवढ्यावर तिच्या नावापुढं ‘खुळी’ लागलं.

पुढं गावच्या पाटलांचा, म्हणजे गौडांचा म्हातारा वारला. आम्ही सगळ्या जणी भेटायला गेलो. बायका गळा काढून रडत होत्या. नीलव्वा म्हातारीसमोर बसली, तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत म्हणाली, “आता तुम्हाला कुणी मारणार नाही.” सगळ्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं. म्हातारीनं डोळे पुसले आणि नीलव्वाचा हात धरला, तो आम्ही उठेपर्यंत सोडला नाही. पण हे कुणी सांगत नाही. गावभर झालं ते एवढंच की पारव्वाच्या, म्हणजे आमच्या सासूच्या, धाकट्या सुनेच्या जिभेला हाड नाही. ज्या माणसाच्या मारानं म्हातारीचा एक कान गेला होता, त्याच्यासाठी ऊर बडवणाऱ्या बायका तेवढ्या शहाण्या!

तिला आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की ती भाजलेल्यासारखी दचकते. लग्नाचा बँड गल्लीत शिरला की आमच्या जोंधळ्याच्या खोलीत जाते, तिची कौदी अंगावर घेते आणि भिंतीला पाठ लावून बसते. पुढं-मागं डुलते, तोंडानं बारीक ‘म्म्म’ असा सूर धरते. ती कौदी तिनं स्वतः शिवलेली. जुन्या इरकलींचे थर एकावर एक घातलेत, एका हातानं उचलत नाही. चैत्रातल्या उन्हातसुद्धा ती कौदी घेते. मी एकदा विचारलं, “नीलव्वा, उकडत नाही का गं?” ती म्हणाली, “उकडतं की. पण जड असलं की मी एका जागी राहते, यक्का. नाहीतर सगळीकडं सांडते.” मला तेव्हा नीट कळलं नाही. पण ती काही उगाच बोलणारी बाई नव्हे, एवढं मला कळत होतं.

मी गावच्या अंगणवाडीची टीचर. गेल्या पावसाळ्यात आम्हाला गदगला ट्रेनिंगला बोलावलं होतं. तिथं एका डॉक्टरीणबाईंनी काही मुलांबद्दल सांगितलं. आवाज सोसत नाही, कपड्याची शिवण टोचते, डोळ्याला डोळा देत नाहीत, ऐकलेलं तसंच्या तसं म्हणतात, पोटात एक ओठात एक त्यांना जमत नाही. नाव सांगितलं ऑटिझम. बाकीच्या टीचर चहाची वाट बघत होत्या. मला समोर नीलव्वा दिसत होती. मी उठून विचारलं, “बाई, ही मुलं मोठी झाल्यावर कुठं जातात?” बाई म्हणाल्या, “कुठं जाणार? तुमच्याच घरात असतात. तुम्ही त्यांना विक्षिप्त म्हणता.”

घरी आल्यावर मी सगळ्यांना बसवून सांगितलं. हा आजार नाही, हे बाहेरचंही नाही, तिची घडणच तशी आहे. माझा दीर गुरपादप्पा, आमचा गुरप्पा, म्हणजे नीलव्वाचा नवरा, हसला. “वैनी, खुळेपणालाही इंग्रजी नाव मिळालं म्हणायचं!” आणि आमची अत्ती, म्हणजे सासू, पारव्वा, तिच्या मुलांची अव्वा, तिनं पानाला चुना लावता लावता म्हटलं, “डॉक्टरीण औषध देते का?” मी म्हटलं, औषध लागत नाही. “मग आपला अज्जाच बरा,” अत्ती म्हणाली.

हा अज्जा म्हणजे मांत्रिक, पलीकडच्या तालुक्यात असतो. त्याच्याकडं खांबाला बांधतात, मिरचीची धुरी देतात आणि छडीनं ‘बाहेरचं’ काढतात. कडेमनींची सून तिथं नेली होती. आधी ती मोठ्यानं गाणी म्हणायची, म्हणून नेली. शहाणी होऊन आली म्हणतात. आता ती गात नाही, बोलत नाही, ‘जेव’ म्हटलं की जेवते, ‘नीज’ म्हटलं की निजते. तिची सासू सगळ्या गावाला कौतुकानं दाखवते. ते बघून आमच्या अत्तीनं ठरवलं की जत्रेनंतरच्या अमावास्येला नीलव्वाला न्यायचं. जीपवाल्याला सांगूनसुद्धा झालं. मी ओरडले, भांडले, दोन दिवस अत्तीशी बोलले नाही. माझे यजमान म्हणाले, “अव्वा ऐकणार आहे का?” आणि पेपर तोंडासमोर धरला. गुरप्पा म्हणाला, “अव्वा म्हणते तर एकदा बघू की, वैनी. काय जातंय?” काय जातंय! खांब याच्या पाठीला थोडाच टोचणार होता.

आता नाटकाचं. गावदेवी द्यामव्वाच्या जत्रेला आमची पोरंबाळं असलेली बाप्येमाणसं तोंडाला रंग लावून नाटक करतात. पडदे आणि दोन नट्या बाहेरून भाड्यानं आणतात, पेटीमास्तर दोन महिने तालीम घेतो. नाटक नेहमीचंच असतं. गौडा, गौडाची सून, एक खलनायक आणि हसवायला एक खुळा नोकर. यंदाच्या खुळ्याचं नाव कोट्रेश, कोट्र्या. कोट्र्या समोरच्याचे शेवटचे शब्द पुन्हा म्हणतो. पाहुण्याला तोंडावर सांगतो, “गौडा म्हणाले, तुम्ही चिक्कट आहात.” लग्नाचा बँड वाजला की कानात बोटं घालून बाजेखाली शिरतो. पाणी प्यायचं तर एकाच तांब्यातून, दुसरा दिला तर तहानलेला राहतो. लिहिणाऱ्यानं लिहिलं आणि माणसांनी पोट धरून हसायचं, एवढंच कोट्र्याचं काम.

ते काम गुरप्पाला मिळालं. बस स्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान आहे, पण जीव सगळा नाटकात. तो परसात तालीम करायला लागला आणि मी खिडकीतून बघितलं तर तळपायाची आग मस्तकात गेली. तो पुढं-मागं डुलत होता. ‘म्म्म’ म्हणत होता. उपरण्याचा काठ दोन बोटांत धरून चोळत होता, नीलव्वा पदराचा काठ चोळते तसा. रोज जिच्या हातची रोट्टी खायची, तिलाच उचलून त्यानं कोट्र्याच्या अंगात घातली होती! कुंपणावरून शेजारचे बघायचे आणि म्हणायचे, “गुरप्पा, तुला पेटीमास्तर कशाला? तुझी मास्तरीण घरातच आहे की!”

मी बाहेर जाऊन म्हटलं, “लाज नाही वाटत?”

“वैनी, नाटक आहे. माणसं हसली पाहिजेत ना?”

“मग स्वतःला दाखव की. तुला बघूनही हसतील.”

तो दात काढून हसला. मला वाटलं, नीलव्वानं हे बघितलं तर ती मेल्याहून मेल्यासारखी होईल. तिनं बघितलं होतं. रोज बघत होती. एक दिवस रोट्ट्या थापताना तिनं हात थांबवला. तिचा हात रोट्टीवर कधी थांबत नाही. म्हणाली, “यक्का, हा कोट्र्या ज्यानं लिहिला ना, त्याला माझ्यासारखं कुणीतरी ठाऊक होतं.”

मी चुलीत लाकूड सरकवलं.

“बाजेखाली जातो तो. मी जोंधळ्याच्या खोलीत जाते. तसंच आहे ते. मला वाटायचं, असं मला एकटीलाच होतं.” तिनं पुन्हा थापायला सुरुवात केली. “पण माणसं हसतात का? बँड खरंच मोठा असतो की.”

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

त्या दिवसापासून ती कोट्र्याच्या मागं लागली. त्याची सगळी वाक्यं तिला पाठ झाली. गुरप्पा अडखळला की चुलीपाशी बसून ती पुढचं सांगायची आणि तो बिनदिक्कत घ्यायचा. फक्त एक गोष्ट तिला कळेना. तिसऱ्या अंकात कोट्र्याचं काय होतं? त्या प्रवेशात कोट्र्याला बोलणंच नव्हतं, म्हणून गुरप्पा घरी ते करत नसे. ती विचारायची, “पुढं काय होतं?” तो म्हणायचा, “बघशील की जत्रेत.” ती परत विचारायची. जेवताना, झोपताना, दुकानात डबा द्यायला गेल्यावर. “पुढं काय होतं त्याचं?” सगळे वैतागले. मला मात्र कळत होतं. ती कोट्र्याचं विचारत होती आणि अमावास्या जवळ येत होती.

पोलिसांनी रात्री भोंगा लावायला बंदी केली होती, म्हणून यंदा नाटक भर दुपारी. तसं कधी झालं नव्हतं. रंगमंचावर ऊन, नटांच्या तोंडावरचा रंग घामानं ओघळतोय, आणि खाली प्रेक्षकांतली सगळी तोंडं उघडी. अंधारात कोण हसतं ते कळत नाही. त्या दिवशी मला एकेक दात दिसला.

नीलव्वा कानात कापूस कोंबून, कौदीची घडी मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली. पलीकडं अत्ती. भोंगा इतका मोठा की माझ्यासारखीच्या छातीत धडधडत होतं. हिचं काय होत असेल? पण ती हलली नाही. कोट्र्याला बघायला आली होती.

आमच्याकडं नाटकात आहेर असतो. नट कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जावई. माणसाला वाटलं की भर प्रवेशात उठायचं, मंचावर जायचं, टॉवेल, अंगठी, जमेल ते द्यायचं. नाटक थांबतं. मास्तर भोंग्यावर देणाऱ्याचं नाव पुकारतो, नट हात जोडून घेतो आणि नाटक पुढं चालू. खलनायक सुनेचा गळा दाबत असताना त्याच्या बहिणीनं येऊन त्याला शर्टपीस दिलं, तेव्हा त्यानं गळा सोडला, शर्टपीस कपाळाला लावलं आणि पुन्हा गळा धरला. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आहेर म्हणजे आहेर. घेतला की फेडायचा, आणि फेडताना घेतल्यापेक्षा वरचढ द्यायचं. आमची अत्ती या बाबतीत फार कडक. कुणाच्या आहेराखाली राहायची नाही.

तिसरा अंक सुरू झाला. कोट्र्याला ओढत आणलं, खांबाला बांधलं. एक दाढीवाला बुवा धुरीचं मडकं आणि छडी घेऊन आला. एवढं तर मलाही माहीत नव्हतं. कोट्र्या शहाणा कसा झाला, ते या प्रवेशात दाखवायचं होतं. बुवानं छडी उगारली की कोट्र्या मान वेळावून ‘म्म्म’ करायचा, दोरीत डुलायचा, आणि माणसं हसून लोळायची. पुढच्या बायका माना वळवून नीलव्वाकडं बघत होत्या. एकीनं तर बोट दाखवलं. अत्ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, “बघ. दोन छड्यांत सरळ होतो की नाही!”

मी उठलेच. कुणाच्या झिंज्या धरणार होते ते द्यामव्वाला ठाऊक. पण नीलव्वा माझ्याआधी उठली होती.

कौदी पोटाशी धरून ती माणसांतून वाट काढत गेली आणि बाजूच्या पायऱ्यांवरून मंचावर चढली. टाळ्या पडल्या. बायको नवऱ्याला आहेर द्यायला आली, कौतुकच की! मास्तरनं पेटी थांबवली, माइक घेतला. “थांबा मंडळी, आहेर आलाय! आमच्या गुरपादप्पांना त्यांच्या...”

“गुरपादप्पाला नाही,” नीलव्वा म्हणाली. “कोट्र्याला.”

“ताई, एकच की ते.”

“एक नाही. कोट्र्याला.”

हशा पिकला. मास्तरही हसत म्हणाला, “बरं, कोट्रेशला त्यांच्याकडून एक कौदी!” नीलव्वानं कौदीची घडी मोडली आणि खांबाला बांधलेल्या त्या माणसाला खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळली. मग आपल्या कानातला कापूस काढला आणि त्याच्या कानात घातला. एका कानात, मग दुसऱ्या. माइक तिच्याजवळच होता, म्हणून ती हळू बोलली तरी सगळ्या गावानं ऐकलं.

“कोट्र्या, ही जड आहे. बरं वाटतं.” मग ती बुवाकडं वळली. त्याच्याकडं न बघता, त्याच्या छडीकडं बघत म्हणाली, “याला मारू नका. याला ऐकू जास्त येतं. बाकी काही नाही.”

आता कुणी हसलं नाही. एखाददुसरा फिसकन हसायला गेला आणि आजूबाजूला बघून थांबला. गौडांची म्हातारी पुढं बसली होती, ती पदरानं डोळे पुसायला लागली. गुरप्पाचे हात बांधलेले होते. आहेर आला की हात जोडायचे, ही लहानपणापासूनची सवय. त्यानं दोरीतल्या दोरीत हात जोडले.

नीलव्वा खाली उतरली तेवढ्यात भोंगा पुन्हा सुरू झाला. तिच्या कानात कापूस नव्हता, अंगावर कौदी नव्हती. ती जागीच वाकली, दोन्ही हात कानांवर. मी धावले, तिला घट्ट धरलं आणि गर्दीतून बाहेर काढलं. वाटेत जो मधे आला त्याला मी काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी गुरप्पा आला. तोंडावर रंग तसाच, काखेत कौदी. अत्ती आधीच घरी येऊन धुमसत होती. “चार लोकांत शोभा केली! अमावास्या कशाला, उद्याच न्या तिला.”

मी दारात पाय रोवून उभी राहिले. “न्या की. पण त्याआधी आहेर फेडा.”

“कसला आहेर?”

“तुमच्या मुलानं घेतला तो. द्यामव्वासमोर, हात जोडून, सगळ्या गावासमक्ष. अत्ती, आयुष्यात कुणाच्या आहेराखाली राहिला नाहीत तुम्ही. तिच्याजवळ होतं ते सगळं तिनं दिलं. आता वरचढ काय देणार? मिरचीची धुरी? खांब? सांगा, गावाला मीच पुकारून सांगते.”

“नाटकातला आहेर तो, शंकरव्वा.”

“मग शर्टपीसही नाटकातलाच. तो कशाला फेडता?”

इतक्या वर्षांत अत्ती गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. गुरप्पाकडं वळून विचारलं, “आम्ही गेल्यावर काय केलंत? मारलं की नाही कोट्र्याला?”

त्यानं काखेतली कौदी सावरली. “पुस्तकात आहे म्हणून मारलं, वैनी. कौदीवरून मारलं. लागलं नाही.” मग म्हणाला, “कुणी हसलं नाही. मी किती डुललो, तरी कुणी हसलं नाही.”

त्याला वाईट वाटलं होतं, पण ते हसू हरवल्याचं की आणखी कशाचं, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानं कौदी जोंधळ्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली. आतून नीलव्वा म्हणाली, “ती माझी नाही. कोट्र्याची आहे.” आणि उंबऱ्यावरची कौदी तिनं बाहेर सरकवली. नाटक संपलं, कोट्र्या कुठाय आता, असं गुरप्पा म्हणू शकला असता. म्हणाला नाही. कौदी खांद्यावर टाकून तो परसात जाऊन बसला, रंग न धुता.

अमावास्येला सकाळी जीप आली. अत्तीनं नारळ, लिंबं, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. आहेराचा विषय आपण काढायचा नाही म्हणजे तो मिटला, असं तिला वाटलं असावं. जीपवाला हॉर्न देत होता. नीलव्वा कानावर हात धरून अंगणात उभी, ब्लाउज उलटा, तोंड धुतलेलं. मी अंगणाच्या दारात आडवी बसले होते. माझ्या अंगावरून जीप न्यावी लागली असती.

गुरप्पा बाहेर आला. जीपवाल्याजवळ गेला, आधी त्याचा हात हॉर्नवरून काढला. मग म्हणाला, “आज नको.”

“का रे?” अत्ती कडाडली.

“आहेर फिटायचाय अजून.”

जीप गेली. शेजारपाजारचे म्हणाले, झालं, मिटलं, गुरप्पाला अक्कल आली. कसलं मिटलं? तो ‘आज नको’ म्हणाला. अत्तीनं पिशवी खुंटीला लावून ठेवलीय, नारळ आतच आहे. मला ते कळलं आणि नीलव्वालाही कळलं. जीपचा आवाज पार विरेपर्यंत ती थांबली, कानावरचे हात खाली घेतले आणि नवऱ्याला विचारलं, “मग कधी?”

सकाळपासून ती ते विचारतेय. घरातलं कुणी उत्तर देत नाही.